‘महल’मधील काळोखाची किंमत



‘महल’ हा बोलपट १९४९ साली पडद्यावर आला, त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली. तो ज्याला पाहावयाचा असेल त्याला आज चित्रगृहाची पायरी चढावी लागत नाही. हातातील मोबाईलच्या काचेवर बोट ठेवावे आणि घरबसल्या, पदरची पैही न मोजता, तो आरंभापासून अखेरपर्यंत पाहून घ्यावा, इतका तो सुलभ झाला आहे. असे असूनही या एका चित्रामागे वर्षानुवर्षे हिंडणारी माणसे आहेत. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, बंद पडलेल्या चित्रगृहांच्या अडगळीत आणि कोणा वृद्ध गृहस्थाच्या माळ्यावरील ट्रंकेत ती शोध घेत असतात. कोणाला त्या वेळची भित्तिपत्रके हवी असतात, कोणाला चित्रगृहाच्या दारात विकली जाणारी गाण्यांची चोपडी, कोणाला लाखेची जुनी तबकडी. आणि एखाद्याची हाव तर खुद्द चित्राच्या रिळांपर्यंत पोहोचते. जे सर्वांना फुकट मिळते त्याच्या झिजलेल्या, कदाचित निरुपयोगीही झालेल्या अवशेषांसाठी माणसाने वेळ व पैसा का खर्चावा, हा प्रश्न साहजिक आहे. घरातील मंडळी तर त्यास सरळ वेड म्हणून मोकळी होतात. या वेडात काही अर्थ आहे काय, आणि असल्यास आपल्या खानदेशाशी त्याचा कोठे संबंध पोहोचतो काय, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम चित्राची ओळख करून घेऊ. हिमांशु राय यांनी १९३४ साली मुंबईस मालाड येथे बॉम्बे टॉकीज ही संस्था उभारली. १९४९ च्या सुमारास ती संस्था उतरणीस लागली होती, आणि अशोककुमार व सावक वाच्छा ही जोडी तिचा गाडा ओढीत होती. अशोककुमार यांच्या कुटुंबाचे गाव खांडवा. भुसावळहून गाडी उत्तरेस निघाली म्हणजे बऱ्हाणपुरानंतर जे मोठे स्थानक लागते तेच हे. म्हणजे एका अर्थी ते आपले शेजारीच. कमाल अमरोही हे तोवर लेखक म्हणून प्रसिद्ध होते. दिग्दर्शक या नात्याने ‘महल’ हे त्यांचे पहिलेच चित्र. नायिकेच्या भूमिकेतील मधुबाला त्या वेळी अवघ्या सोळा वर्षांची होती. संकलन बिमल रॉय यांचे, संगीत खेमचंद प्रकाश यांचे. या गुणी संगीतकाराला आपल्या यशाचा उपभोग फार काळ लाभला नाही; १९५० च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले.

कथानक थोडक्यात असे. प्रयागजवळ नदीच्या काठी एक ओसाड वाडा आहे. तो बांधणारा पुरुष रात्री नावेतून येत असे, आणि त्याची वाट पाहत कामिनी नावाची स्त्री तेथे राहत असे. एका वादळी रात्री नाव बुडाली, आणि पुढे कामिनीनेही त्याच पाण्यात देह ठेवला. ही हकीकत वाड्याचा जुना माळी सांगतो. वाड्याचा नवा धनी हरिशंकर तेथे पहिल्याच रात्री उतरतो आणि भिंतीवरच्या तसबिरीत त्याला आपलाच चेहरा दिसतो. घड्याळाचे ठोके पडतात, कोठून तरी गाण्याचे सूर येतात, झोपाळा हलत असतो आणि त्यावरील स्त्री पाहता पाहता दिसेनाशी होते. पुढे या भुताचा उलगडा होतो. पण खरे सांगावयाचे तर तो उलगडा कोणाच्या फारसा ध्यानात राहत नाही. ध्यानात राहतो तो वाडा, त्यातील झुंबरे, जिन्यावरून सरकणारी सावली आणि तो दाट काळोख. ज्याला वातावरण म्हणतात ते हेच, आणि ‘महल’ची सारी ख्याती त्याच्यावर उभी आहे.

हे वातावरण नेमके त्याच काळी का अवतरले, हेही पाहण्यासारखे आहे. महायुद्धाच्या दिवसांत कच्ची फिल्म परदेशातून दुर्मिळतेने येई. सरकारने तिचे वाटप नियंत्रणाखाली आणले आणि चित्राची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली. पडद्यावर मिनिटाला ९० फूट फिल्म सरकते. म्हणजे दोन तासांच्या आत-बाहेर कथा उरकावी लागे. झोपाळा रिकामाच हलत आहे, किंवा मेणबत्ती घेऊन एक मनुष्य नुसता जिना चढत आहे, असल्या गोष्टींवर फूटच्या फूट फिल्म खर्चण्याची सोय त्या दिवसांत कोठून असणार? युद्ध संपले, बंधन उठले, आणि दिग्दर्शकाच्या हाती पुन्हा सवडीने रेंगाळण्याचे स्वातंत्र्य आले. ‘महल’मधील ती प्रसिद्ध संथ गती ही त्या सुटकेची खूण आहे. अडीच तासांच्या चित्रास साडेतेरा हजार फूट लागतात, हा हिशेब केला म्हणजे ती गती किती महाग होती हे कळून येते.

दुसरी गोष्ट माणसाची. चित्राचे छायालेखक जोसेफ विर्शिंग हे म्युनिकचे जर्मन गृहस्थ. हिमांशु राय यांच्याबरोबर ‘लाइट ऑफ एशिया’ या १९२५ च्या मूकपटासाठी ते प्रथम हिंदुस्थानात आले, आणि पुढे बॉम्बे टॉकीजचा कॅमेरा त्यांच्याच हाती राहिला. १९३९ साली युद्ध पुकारले गेले आणि जर्मन म्हणून त्यांची रवानगी इंग्रज सरकारच्या नजरकैदेत झाली. ज्या जर्मनीत त्यांनी ही कला शिकून घेतली तेथील चित्रकारांनी पहिल्या महायुद्धानंतर सावलीलाच नटाची भूमिका दिली होती. तीच विद्या घेऊन हा मनुष्य छावणीच्या तारांमागे काही वर्षे काढून परत आला आणि त्याने ‘महल’ चित्रित केला. पुढे कमाल अमरोहींच्याच ‘पाकीजा’चे काम चालू असता १९६७ साली ते आपल्याच देशात मृत्यू पावले. त्यांनी काढलेली त्या काळची हजारो छायाचित्रे त्यांच्या कुटुंबीयांनी गोव्यात जतन केली, आणि २०१७ साली पणजी येथील सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांतील निवडक लोकांस पाहावयास मिळाली. एका घराने पेट्या फेकून दिल्या नाहीत, एवढ्यामुळे केवढा इतिहास वाचला हे ध्यानी यावे म्हणून याचा उल्लेख केला.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. १९४७ च्या फाळणीने लक्षावधी माणसे घरादारांस मुकली. जळगाव, भुसावळ, धुळे येथेही सिंधमधून निर्वासित कुटुंबे येऊन वसली. मागे सोडलेले घर, तेथे राहून गेलेली माणसे आणि कोणी तरी परत येईल ही आशा, या भावना त्या दोन वर्षांत कितीतरी मनांत ताज्या होत्या. अशा वेळी ओसाड वाड्याची आणि परतून येणाऱ्या प्रियकराची गोष्ट लोकांच्या काळजाला भिडली, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. संग्राहकाला मूळ प्रतच का हवी असते?

कृष्णधवल चित्रातील काळोख हा काळ्या रंगाचा बनलेला नसतो, तर चांदीचा बनलेला असतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. प्रत तयार होत असता जेथे पडद्यावर अंधार दिसावयाचा तेथे सूक्ष्म कणांच्या रूपाने चांदी शिल्लक राहते, आणि जेथे उजेड दिसावयाचा तेथली धुऊन निघून जाते. सावली जितकी गडद, तितकी त्या जागी चांदी अधिक. विर्शिंगने वाड्यातील काळोखाच्या अनेक पायऱ्या रचल्या होत्या. अगदी काळे, त्याहून किंचित उजळ, त्यात जेमतेम ओळखू येणारी पडद्याची चुणी, तीमागे झुंबराचा एखादा लोलक, अशी ती उतरंड होती. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक, असे होत गेले की या मधल्या पायऱ्या एकेक करून मोडतात. मग उरतो तो एकसुरी चिखल. दूरचित्रवाणीच्या वा मोबाईलच्या पडद्यावर आपण जे पाहतो त्यात कथा सगळी असते, चेहरे असतात, गाणी असतात; पण ज्यासाठी चित्र अजरामर झाले तो काळोख त्यात बहुधा नसतो. जुन्या, चांगल्या प्रतीचे चार फूट जरी हाती आले तरी संग्राहक ते उजेडासमोर धरून तासच्या तास पाहत बसतो, त्याचे कारण हे.

छायाप्रकाशाची ही पारख खानदेशास अपरिचित नाही. चाळीसगावच्या स्थानकाजवळ केकी मूस नावाचे छायाचित्रकार आपल्या बंगल्यात जवळजवळ अर्धशतक एकांतात राहिले आणि १९८९ साली तेथेच वारले. घराबाहेर ते क्वचितच पडले. खोलीतल्या खोलीत, टेबलावर चिमुकले देखावे मांडून, दिव्याचा प्रकाश इकडून तिकडून टाकून त्यांनी पहाटेची धुके आणि संध्याकाळचे माळ निर्माण केले. रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी ते कोणा प्रिय व्यक्तीच्या वाटेकडे डोळे लावून दार उघडे ठेवीत, अशी आख्यायिका लोक सांगतात. ‘महल’ची कथा आणि ही आख्यायिका यांत केवढे साम्य आहे! त्यांचा बंगला आज संग्रहालय म्हणून जपला गेला आहे. छापील पुस्तकातले त्यांचे चित्र पाहावे आणि मग तेथे जाऊन त्यांच्या हातची मूळ प्रत पाहावी. दोहोंतला भेद ज्याच्या डोळ्याला जाणवला त्याला ‘महल’च्या संग्राहकाचे दुखणे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

जे डोळ्यांचे तेच कानांचे. या चित्रातील ‘आएगा आनेवाला’ हे गीत कोणी ऐकले नाही असे घर विरळा. गाणारी स्त्री दुरून जवळ येत आहे असा भास त्यात हवा होता. त्यासाठी ध्वनिक्षेपक खोलीच्या मध्यभागी ठेवला, गायिका कोपऱ्यात उभी राहिली आणि आरंभीच्या ओळी म्हणत एकेक पाऊल पुढे सरकली. आजच्या यांत्रिक करामती तेव्हा नव्हत्या. अंतर दाखवावयाचे तर खरोखरीच चालावे लागे. ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा तिच्या मधल्या गोल कागदावर गायिकेचे म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. पडद्यावरील पात्राचे नाव तबकडीवर घालण्याची त्या काळी रीतच होती. मागून गाणारीला नावही नसे. परंतु नभोवाणीवर गाणे लागू लागले आणि ही कामिनी कोण, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांकडून येऊ लागली. अखेर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडून नाव मागवून ते सांगावे लागले. नाव होते लता मंगेशकर, आणि त्या वर्षी त्या वयाच्या विशीत पोहोचल्या होत्या.

या ठिकाणी खानदेशाने थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही. लताबाईंच्या मातोश्री थाळनेरच्या. शिरपूर तालुक्यातील तापीकाठचे हे गाव फारुकी राजांची जुनी राजधानी. पडका किल्ला आणि त्या राजांच्या कबरी आजही तेथे उभ्या आहेत. नदी, तिच्या काठावरचा भग्न वाडा आणि मागे राहिलेल्या कथा, हे सारे ज्या गावात केवळ कल्पनेचे नाही, त्या गावच्या लेकीच्या मुलीने ‘महल’चे गाणे गावे, हा एक सुंदर योगायोग होय. तबकडीवर ‘कामिनी’ असे छापलेली प्रत संग्राहकांस एवढी मोलाची वाटते, ती सुरांसाठी नव्हे. सूर तर सर्वत्र मिळतात. पार्श्वगायिकेला नाव नसण्याच्या काळाचा तो शेवटला पुरावा आहे, म्हणून तिचे मोल. पुढच्या प्रतींवर नाव दुरुस्त झाले, आणि दुरुस्तीबरोबर तो पुरावा पुसला गेला. गाण्यांच्या चोपडीचेही तसेच. तीत कथा अर्ध्यावर आणून सोडलेली असे आणि पुढील भाग पडद्यावर पाहा असे आर्जवाने सांगितलेले असे. दोन-चार पानांचा तो कागद इतका साधा, की त्याला जपून ठेवण्याजोगे काही आहे असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नाही. म्हणूनच तो आज दुर्मिळ झाला.

मग या वस्तू गेल्या कोठे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी भुसावळला जावे लागते. चित्रपटाच्या व्यापारात देशाचे विभाग पाडलेले आहेत, आणि खानदेश, वऱ्हाड, जुना मध्य प्रांत व मध्य भारत हा मुलूख त्यात एकत्र येतो. भुसावळ हे मुंबईकडून नागपूर व दिल्ली या दोन्ही दिशांस फुटणाऱ्या लोहमार्गांचे जंक्शन असल्यामुळे वितरकांनी आपल्या कचेऱ्या तेथे थाटल्या. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या व्यवसायसंस्थेशी भुसावळचे नाव आजवर जोडलेले आहे. एका चित्राची तेरा-चौदा रिळे पत्र्याच्या डब्यांत घालून आगगाडीने येत. मोठ्या शहरातला खेळ आटोपला की धाकट्या शहरात, तेथून तालुक्याच्या गावी, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत जात. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात आणि धुळ्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेत लोकांनी जे बोलपट पाहिले असतील ते असे शेकडो वेळा यंत्रातून फिरलेल्या प्रतींवर. प्रत्येक फेरीत ओरखडे पडत. रीळ तुटले की यंत्रचालक चार-दोन चौकटी कापून ते पुन्हा चिकटवी. कराराची वर्षे संपली म्हणजे प्रतीला मालक उरत नसे. ती ठेवण्यास जागा लागे, आणि जागेला भाडे.

शिवाय ती धोक्याची होती. १९५० पर्यंतची बहुतेक फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली म्हणजे पाण्यानेही विझत नाही, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू तिच्या ठायीच असतो. न पेटली तरी उष्ण हवेत ती चिकट होते, फुगते आणि अखेर तपकिरी भुकटी होऊन जाते. जळगावचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पत्र्याच्या छपराखाली अशा डब्यांचे काय होत असेल ते सांगावयास नको. २००३ च्या जानेवारीत पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट रिळांचे कोठार पेटले, आणि जपून ठेवलेल्या कितीतरी जुन्या चित्रांची त्यात राख झाली. जेथे जाणकार सांभाळ करीत होते तेथे ही कथा, मग इतरत्र काय बोलावे?

आणि जे जळले नाही, कुजले नाही, ते वितळले. जुन्या रिळांतील चांदी धुऊन काढणारे व्यापारी देशभर होते. भंगाराच्या भावाने डबे घ्यावेत, फिल्म रसायनात टाकून चांदी वेगळी करावी आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्या किरकोळ वस्तू बनविणाऱ्यांस विकाव्यात, असा तो धंदा. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातील केरकचरा धुऊन झारेकरी त्यातून सोन्याचे कण काढतो. त्यात कोणाचे काही जात नाही, उलट वाया जाणारे धन वाचते. पण येथे कचरा म्हणून जे धुतले जात होते ते चित्रच होते. जळगावसारख्या सराफीच्या नगरीतील माणसास हे चटकन उमगेल. दागिना मोडला तर सोने उरते, घडणावळ जाते. ‘महल’सारखे काळोखाने भरलेले चित्र मोडले तर चांदी थोडी अधिक मिळते, आणि घडणावळ मात्र सगळीच्या सगळी जाते. भंगारवाल्यास ज्याचे वजन दिसले आणि संग्राहकास ज्याचे सौंदर्य दिसले, ती वस्तू एकच होती.

या रीतीने आपण किती गमावले? हिंदुस्थानात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील बोटांवर मोजण्याइतके अखंड उरले. १९३१ चा ‘आलम आरा’, देशातला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. जे उरले त्यातील पुष्कळसे पी. के. नायर या एका मनुष्याच्या चिकाटीने उरले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि नायर यांनी गावोगाव हिंडून, घरोघरी विचारपूस करून तुकडे गोळा केले. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ या १९१९ सालच्या चित्राची रिळे फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून मिळविली ती त्यांनीच. सरकारी नोकर असूनही अंगी संग्राहकाचे वेड होते, म्हणून हे घडले.

तथापि या वेडाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. काही संग्राहक वस्तू मिळवितात आणि कुलूप घालतात. आपल्याजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ नाही, यातच त्यांचा आनंद असतो. त्यांच्या कपाटात चित्र नायट्रेटच्या भुकटीत विरून गेले तरी ते कोणाला दाखविणार नाहीत. ‘महल’चा नायक हा मला अशा संग्राहकाचाच नमुना वाटतो. जुन्या वाड्यात राहावयास येतो, भिंतीवरची तसबीर पाहतो, तिच्यातील काळात गुरफटत जातो, आणि घरात जिवंत बायको असता तिच्याकडे पाहीनासा होतो. त्याचे प्रेम खोटे नसते. परंतु त्याने कोणाचेही भले होत नाही. चित्रातली करुणा आहे ती येथेच, आणि संग्राहकांनी या चित्रावर इतके प्रेम करावे यात थोडी स्वतःची ओळखही असावी.

याला उतारा आपल्या धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्याएवढा संग्रहाचा ध्यास घेतलेला पुरुष महाराष्ट्रात दुसरा झाला नाही. वाड्यांच्या माळ्यांवर कसरीने खाल्लेली दप्तरे, वाण्याच्या पुड्यांसाठी निघालेले कागद, मठांतील पोथ्या यांच्यामागे ते पायपीट करीत हिंडले. लोकांनी त्यांनाही विक्षिप्त म्हटलेच. पण मिळालेले कागद त्यांनी पेटीत बंद केले नाहीत. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने एकामागून एक बावीस खंड छापून त्यांनी ते जगापुढे मांडले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात त्यांचा अंत झाला, आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारून तो संग्रह अभ्यासकांसाठी राखला. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. मिळवावे, सांभाळावे आणि दाखवावे, ही या भूमीची परंपरा. तिला रिळे आणि तबकड्या परक्या वाटण्याचे काही कारण नाही. पेशव्यांचे पत्र जसे एका काळाचे बोलणे, तसेच ‘कामिनी’ हे नाव छापलेला तो गोल कागदही.

म्हणून श्रोत्यांस दोन शब्दांची विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांनी चित्रगृह चालविले असेल, कोणी वितरकाच्या कचेरीत कारकून असतील, कोणी तंबूत यंत्र फिरविले असेल. एकपडदा चित्रगृहे गावोगाव बंद पडली आणि त्यांच्या अडगळीचा लिलाव अजूनही होतच असतो. असा एखादा डबा, भित्तिपत्रकांची गुंडाळी, तबकड्यांची पेटी घरात निघाली तर ती वजनावर घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहावी. डब्यावरील नाव, साल, कोणाकडून आला हे वहीत टिपून ठेवावे. जुने रीळ हौसेने यंत्रावर चढवू नये. ते तुटेल, आणि नायट्रेटचे असेल तर पेट घेईल. विस्तवापासून दूर, थंड व वारा खेळता राहील अशा जागी ते ठेवावे आणि पुण्याच्या संग्रहालयास कळवावे. तबकड्या आडव्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. चोपड्या व कागद कोरड्या जागी ठेवावेत. यात खर्च म्हणण्यासारखा काही नाही. थोडी सवड मात्र लागते.

आणि घरात कोणी अशा वस्तूंच्या नादी लागलेला असेल, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ दोन घटका बसावे. काय जमविले आहे ते त्याला दाखवू द्यावे, आणि शेजारच्या मुलांनाही बोलावून दाखवावयास सांगावे. पाहणारा भेटला की कुलूप घालण्याची इच्छा आपोआप कमी होते. ‘महल’ची एखादी चांगली प्रत पुढेमागे अशाच कोणा घरातून बाहेर येईल, आणि विर्शिंगने रचलेला काळोख मोठ्या पडद्यावर, शंभर माणसांच्या सोबतीत, जसा होता तसा पाहावयास मिळेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. मात्र ती प्रत त्याआधी तराजूत पडता कामा नये.